तीन पडद्यांवरचा कळप

संतपूर, ता. औराद
८ जानेवारी २०११

चि. रविकुमार यास म्हाळसाअक्काचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तूर खळ्यावर आली. वेळा अमावस्या, आपली येळवस, मंगळवारी झाली. शेतात पाच दगड मांडून पूजा केली, आंबील शिंपडली आणि दुपारपर्यंत परत आले. तुझी प्रकृती चांगली असेल असे धरून चालते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. काम एकच आहे आणि ते तुझ्या कॉम्प्युटरचे आहे. बाकी काही विचारायचे नाही.

तू जाताना तिन्ही मॉनिटर इथेच राहिले. गेल्या वर्षी अप्पांना दुसरा झटका आला. त्यानंतर त्यांच्या डोक्यात दिवस-वार राहत नाहीत. कधी मला ओळखतात, कधी आई समजतात. पावसाळ्यात एकदा धूळ पुसताना मशीन चालू होते का बघावे म्हणून बटण दाबले, तर तिन्ही पडद्यांवर मिळून तू फोटो जोडून लावलेले ते लांबलचक चित्र आले. आपला माळ, बाभळी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढरे. अप्पा बाजेवर होते. ते ताठ बसले. बोट पुढे करून वीस-वीसच्या हिशेबाने एकेक मोजले. "तीन विसा आन् तीन. समदी आल्यात," म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तोंडाने भाकरी मागितली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी मशीन लावते, ते मोजतात, मग जेवतात. हे तुला कळवले नाही. कळवण्यासारखे वाटले नाही.

येळवशीच्या आधी वीज खालीवर झाली आणि उजवीकडचा पडदा गेला. चित्र दोनच पडद्यांत उरले. अप्पांनी मोजले तर दोन विसा आणि एक. "बावीस कुठं गेल्यात?" म्हणून ते काठी घेऊन निघाले. मी चुलीपाशी होते. औराद रस्त्याच्या नाल्याशी सापडले, पायात चप्पल नव्हती.

औरादहून बंडेप्पाला बोलावले. तो तिथे कॉम्प्युटर क्लास चालवतो. मशीन बघून डोके खाजवायला लागला. "बाई, हे विंडोज न्हाई की. लिनक्स हाय. ह्याच्यात माझं काही चालंना." तरी त्याने इकडे तिकडे दाबले. तिसरा पडदा लागला, पण आता अख्खे चित्र तिन्ही पडद्यांवर वेगवेगळे दिसते. एकच कळप तीन वेळा. बंडेप्पा खूश झाला. "बघा बाई, एकाचे तीन करून दिलो."

अप्पांनी मोजले. नऊ विसा आणि नऊ.

तुला आपल्या घरची रीत माहीत आहे. मेंढरांच्या वाडग्यात दुसऱ्याचे मेंढरू शिरले असेल तर ते ज्याचे त्याला पोचते केल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही. अप्पा सगळे विसरले, हे विसरले नाहीत. "लोकाची मिसळल्यात. तू कामून बसलीस? जा, देऊन ये," म्हणतात. ताट सारून देतात. दाराला कडी लावली तर कडी वाजवतात. शेजारची कमलबाई म्हणते, "मास्तरीणबाई, पेन्शनीत अप्पाला टीव्हीवरची मेंढरं राखायला लावलाव का?" तिला काय सांगू. चार दिवस सकाळी दुधात चुरलेली अर्धी भाकरी, एवढ्यावर ते आहेत.

मशीन बंद ठेवून पाहिले. मग तर अख्खा कळपच गेला म्हणून ते दार सोडत नाहीत.

तेव्हा एक चित्र तीन पडद्यांवर मिळून कसे पसरायचे ते लिहून पाठव. पायरी पायरीने लिही. कुठे काय दाबायचे, इंग्रजी शब्द पडद्यावर असेल तसा. मला इंग्रजी वाचता येते, हे तुला सांगायला नको. स्पीडपोस्टाने पाठव.

म्हाळसा तुळजाराम


संतपूर
१८ जानेवारी २०११

चि. रवीस आशीर्वाद.

तुझा कागद चार दिवसांपूर्वी मिळाला. अकरा ओळी, छापलेल्या. वर 'अक्का' नाही, खाली नाव नाही. ठीक. मी काम सांगितले होते, तू काम केलेस.

त्याप्रमाणे केले. मॉनिटरची खिडकी उघडली. 'सगळ्या पडद्यांवर एकच चित्र' अशा अर्थाच्या चौकोनात बंडेप्पाने खूण करून ठेवली होती, ती काढली. मग चित्राच्या जागी जाऊन 'स्पॅन' निवडले. शब्द शोधायला वेळ लागला, यादीत तो सर्वांत खाली होता. दाबले आणि चित्र पसरले. मला बरे वाटले, हे कबूल करते.

पण अप्पांनी मोजता मोजता हात खाली घेतला आणि ओरडले. "लांडगा! फाडलंय त्यानं!"

मी जवळ जाऊन पाहिले. चित्राची टोके बदलली होती. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. दोन पडद्यांच्या सांध्यावर जी मेंढरे येतात त्यांची डोकी एकीकडे आणि धडे भलतीकडे. एका मेंढीच्या मानेपुढे नुसता दगड. पुढे चालणारी शेळी सगळ्यांच्या मागे. ज्या माणसाने आयुष्यभर कळप राखला त्याला हे दुसरे काय वाटणार? ते काठी घेऊन उठले. काठीने मधला पडदा फोडणार होते. मी मध्ये उभी राहिले. काठी माझ्या दंडावर बसली. विशेष काही नाही, हिरवे-निळे झाले आहे.

तुझ्या कागदात यावर काही नव्हते. परत पत्र टाकून आठ दिवस थांबणे शक्य नव्हते. मग मी सरळ डावा पडदा उचलून उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. वायरी ताणल्या, पण पुरल्या. चित्र जुळले. यासाठी लिनक्स शिकावे लागत नाही.

टोके का बदलली ते मला माहीत आहे. मागच्या पत्रात वीज खालीवर झाली असे लिहिले होते. तसे झाले नव्हते. उजव्या पडद्याची वायर मी काढली होती. येळवशीची साफसफाई होती, टेबल भिंतीपासून ओढायचे होते. परत लावताना डावीचीही निसटली, कुठली कुठे गेली असेल. निष्काळजीपणा माझा. एवढेच.

आता पुढचे. चित्र बरोबर आहे. मोजणी बरोबर आहे. तीन विसा आणि तीन, रोज. आणि तरी अप्पा जेवत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी मी ताट ठेवले, वर दूध-भाकरी, लसणाची चटणी. त्यांनी ताटाकडे पाहिले, मग उजव्या पडद्याकडे. तिथे कडेला तू उभा आहेस. डोक्याला अप्पांचा पटका, खांद्यावर घोंगडे, हातात काठी. शेवटचा फोटो तू कॅमेरा दगडावर ठेवून काढला होतास, तो.

"त्यो गडी जेवला का?" अप्पांनी विचारले.

मी म्हटले, "जेवला."

"कवा? मी बघायलोय तवाधरनं उन्हात उभा हाय. त्याला आत बोलव."

हीही रीत तुला माहीत आहे. कळप घेऊन आलेला माणूस आधी जेवणार, मग घरधनी. इतके महिने ते तुझ्याकडे असे बघत नव्हते. पडदा काही दिवस बंद होता, मग परत लागला. त्यामुळे आता त्यांची नजर त्याच जागेवर अडकली आहे.

मी एक ताट वाढून पडद्यासमोर ठेवले. अर्ध्या तासाने म्हणाले, "शिवला न्हाई त्यानं. रागावलाय कुणावर तरी." मग कमलबाईच्या मुलाला, हणमंतप्पाला, पटका बांधून, घोंगडे देऊन दारातून आत आणले. तो बिचारा खाली मान घालून जेवायला बसला. अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "हा दुसरा हाय. ह्याला जेवू द्या, पर आमचा गडी कुठाय?" हणमंतप्पा घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिला.

आता सकाळची भाकरीही बंद झाली आहे. ताक चार घोट. काल औरादचे डॉक्टर येऊन गेले. सलाईन लावले तर अप्पा सुई उपटतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, रोग काही न्हाई. पोटात गेलं न्हाई तर आठ-दहा दिवस."

तुला रजा मिळत असेल तर चार दिवस येऊन जा. घोंगडे आहे. पटका मी धुऊन ठेवला आहे. दारातून आत यायचे, जेवायचे, एवढेच काम. गाडीभाडे मी देईन.

म्हाळसाअक्का


संतपूर
२५ जानेवारी २०११

रवी,

तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ. 'मी निघालो तेव्हा त्यांनी मान वळवून बघितलंही नव्हतं, आता पडद्यावरचा माणूस कशाला हवा?'

बरोबर विचारलेस. सदतीस वर्षांपूर्वी मी गुलबर्ग्याला बी. ए. झाले. आपल्या लोकांत तेवढी शिकलेली बाई पंचक्रोशीत नव्हती. त्यानंतर एकतीस वर्षे मुलांना शिकवले की प्रश्न विचारला की सरळ उत्तर द्यायचे. आज मला सरळ उत्तर द्यायला अडीच दिवस लागले. हा तिसरा कागद आहे, दोन चुलीत घातले.

अप्पा बाजेवर पडून आहेत. ओठ कोरडे आहेत, मी कापूस भिजवून लावते. संध्याकाळी त्यांना उशीला टेकवून बसवावे लागते. मोजायला हात उचलत नाही, नुसते डोळे फिरतात. डोळे शेवटी तुझ्यावर येऊन थांबतात. हे आधी लिहिते, कारण पुढचे वाचून तू कागद फाडलास तर निदान एवढे वाचलेले असावे.

वायर मी साफसफाईसाठी काढली नव्हती.

डिसेंबरात अप्पांना मधूनच जुने आठवायला लागले. मोजता मोजता तुझ्यापाशी आले की बोट तुझ्यावर रोखून म्हणायचे, "ह्यानं विकली. माझा ल्योक असून ह्यानं विकली." रोज. मी चुलीपुढे बसून ऐकायची. बारा-तेरा दिवस ऐकले. मग एका सकाळी उठून पडद्याच्या मागे गेले आणि वायर ओढली, म्हणजे तू दिसणार नाहीस आणि ते वाक्य येणार नाही. तुझ्या बाजूला बावीस मेंढरे आहेत, हे माझ्या लक्षात राहिले नाही.

ते वाक्य त्यांच्या तोंडात मी घातले होते.

तू बंगलोरची नोकरी गेल्यावर घरी आलास तेव्हा तू चार महिने राहशील, मग दुसरी शोधशील, असे मी धरले होते. तू अप्पांबरोबर माळावर जायला लागलास. उन्हाने काळा झालास, हसायला लागलास. दिवाळीनंतर बंगलोरहून नोकरीचे पत्र आले आणि ते तू चटईखाली सारलेस. मला म्हणालास, "अक्का, मी हितंच राहतो. अप्पाची मेंढरं मी बघतो." मी त्या रात्री तुझ्याशी बोलले नाही. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. माझ्या लग्नाची दोन स्थळे मी तुझ्या शाळेसाठी मोडली. हे मी तुला कधी ऐकवले नाही, आज ऐकवते, आणि यात माझी बाजू मांडते असे समजू नकोस. मला एवढेच दिसत होते की मी ज्या घोंगड्यातून निघाले त्यात तू परत शिरतो आहेस.

नंतर अप्पांना पहिला झटका आला. तू त्यांना घेऊन बिदरच्या दवाखान्यात होतास. पाचव्या दिवशी मी हुमनाबादकडच्या व्यापाऱ्याला बोलावले. टेम्पो दोन खेपा करून गेला. पुढची शेळी चढेना, तिला मी स्वतः ढकलले.

तू आल्यावर मी तुला सांगितले, अप्पांनीच झटक्याआधी सांगून ठेवले होते, आता होत नाही म्हणाले, पोराच्या गळ्यात नको म्हणाले. अप्पांनी मोकळा वाडगा पाहिला आणि मला विचारले, "कुणी?" तू तेव्हा औषधे आणायला औरादला गेला होतास. मी म्हटले, "रवीनं सांगितलं. त्याला परत जायचं हाय."

दोघांनाही वेगळे सांगितले, आणि दोघांनीही मला खरे मानले. बाई खोटे बोलत नाहीत, असे सगळे गाव म्हणते.

तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास आणि त्यांनी मान वळवली नाही, ती याच्यामुळे. नंतर तू फोन करायचास तेव्हा त्यांना त्रास होतो, करू नकोस, असे मी सांगितले. कारण एकदा तुम्ही दोघे बोलला असता तर पाच मिनिटांत सगळे उघडे पडले असते. मान वळवली नाही म्हणून तू दोन वर्षे जळलास. ते मला दिसत होते. तुझी नोकरी लागली, पगार वाढला, तेव्हा मी स्वतःला म्हणायची, बघ, बरोबरच केलेस.

परवा बंडेप्पा येऊन गेला. अप्पांची अवस्था त्याला बघवेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, त्या कडंच्या माणसाला चित्रातनं पुसून टाकू का? दोन मिन्टाचं काम हाय. जागेला माळ भरतो. अप्पाला कळणार बी न्हाई." त्याने खरोखर चांगल्या मनाने विचारले. माझ्या तोंडात होकार आला होता. पुसला की ते विचारणार नाहीत, जेवतील. मी म्हटले, "नको. एकदा पुसून झालंय." त्याला काही कळले नाही. चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर मी अप्पांच्या पायाशी बसले आणि सांगितले. "अप्पा, मेंढरं रवीनं विकली न्हाईत. मी विकली. रवीला ठाऊकबी नव्हतं." मोठ्याने सांगितले, दोनदा. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पडद्याकडे बघून म्हणाले, "विकली कुठं? हितंच हायत की समदी." आणि थोड्या वेळाने, "मास्तरीणबाई, तुमी जावा घरला. अंधार पडायलाय."

त्यांच्याकडून मला आता काही मिळायचे नाही. शिक्षा नाही, माफीही नाही. ज्या दिवशी मी मेंढरे विकली तो दिवस त्यांच्याजवळ राहिला नाही. त्यांच्याजवळ एवढेच उरले आहे की एक माणूस त्यांची मेंढरे घेऊन आला आहे, तो उन्हात उभा आहे आणि उपाशी आहे. त्याला विकणारा म्हणायचे ते विसरले. आता त्याला घरात घ्यायचे म्हणतात. मी चाळीस वर्षे पुस्तके वाचली, मला एवढे सुचले नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्यावर विश्वास ठेवूनही येऊ नकोस, तसा ठेवायला मी कारण ठेवलेले नाही. बंगलोरहून बिदरची गाडी सकाळी पोचते. तिथून औरादची बस धर, ती संतपूरवरून जाते. दाराला कडी नसेल. पटका आणि घोंगडे दाराआडच्या खुंटीवर आहेत. भाकरी, दूध आणि चटणी चुलीशेजारी झाकून ठेवते, रोज ताजी. तू आधी बस, त्यांना दिसेल असा बस, आणि जेव. नीट जेव, दोन घास मोडून उठू नकोस, ते बघतात. मग त्यांचे ताट पुढे कर.

मी त्या वेळी घरात नसेन. कमलबाईच्या ओट्यावर बसेन. तुमचे दोघांचे जेवण झाल्यावर वाटले तर हाक मार, नाही वाटले तर दार ओढून घे. मी तिथूनच जाईन. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या गौरम्माकडे राहायची सोय बोलून ठेवली आहे.

फक्त उशीर करू नकोस. कापसाने लावलेले पाणी आज दोनदा ओठांवरून खाली आले.

तुला खोटे सांगणारी,
म्हाळसा